ताणलेली वीण

गाडीचा पट्टा आळशी झाला होता.
सोडला तरी माघारी जायचा नाही,
मांडीवर लोळायचा,
दारात चेंगरायचा,
आणि जिंतूर रोडनं जाताना
बाहेर लोंबणारी कडी
टकटक करत रंग खरवडायची.

द्वारका म्हणायची, राहू द्या की,
इथल्या इथं तर जायचंय, बोरीला.

गौसोद्दीन मिस्त्रीनं तो शेवटपर्यंत ओढून काढला,
वर चिमटा मारला, दोरीवरच्या धोतराला मारतात तसा.
"मशीनीला काय बी झालं नाही, मास्टर.
नुसता मळलाय. घामानं जड झालाय."
कोमट पाणी, अंगाचा साबण, जुना ब्रश.
पहिल्या बादलीत चहा उतरला,
दुसऱ्या बादलीत पातळ चहा.
माझा घाम आणि माझ्या आधीच्या मालकाचा,
रंगावरून वेगळा काढता येईना.
खांद्यावरच्या कड्यातून फडकं फिरवलं
तर काळं मेणच निघालं.
"आतली स्प्रिंग उघडायची नाही. तेल तर बिलकुल नको,
धूळ धरतं. आता सावलीत वाळू द्या."

परभणीचा मे महिना, आणि सावलीत वाळू द्या.
बसलो टायरवर.

फळीवर बिस्किटाचा एक डबा होता.
उघडला, तर आत नुसत्या चापा.
पट्टा न लावता गाडीचं तोंड बंद करायच्या,
बाजारात साठ रुपयाला जोडी मिळते त्या.
"क्रेननं आणलेल्या गाड्यांतल्या हायेत," मिस्त्री म्हणाला
आणि डबा माझ्या हातातून घेऊन
झाकण लावून ठेवला.
किती होत्या, मी मोजल्या नाहीत.

वाळला. चिमटा काढला.
सर्रकन गेला वर,
बिळात सरडा जावा तसा.
मी तीनदा ओढला, तीनदा सोडला.
चाळीस वर्षं मशीन चालवली,
असा आवाज माझ्या कुठल्याच कापडाला नाही.

म्हटलं, आता हिच्या बाजूचाही धुऊन टाका.
तो तर नवाच दिसत होता,
द्वारकेनं कधी ओढलाच नव्हता.
मिस्त्रीनं ओढला, हातभर,
आणि थांबला.

मला सांगायची गरज पडली नाही.
मी शिंपी आहे.
एका वितीत वीण विस्कटली होती,
आडवा धागा लाटा मारत होता,
कड भाजल्यासारखी चकाकत होती.
कापड असं आपोआप होत नाही.
कुणाचं तरी सगळं वजन
एका क्षणात यावं लागतं त्याच्यावर.

नांदेडचा एजंट म्हणाला होता,
डॉक्टरची गाडी, खरचटलेलीसुद्धा नाही.

"एवढाच तुकडा काढून जोड देतो," मी म्हणालो,
"नायलॉनचा दोरा आहे माझ्याकडं, दुहेरी टीप मारतो."
मिस्त्री हसला नाही.
"याचं काम झालं, मास्टर. हा एकदाच असतो.
शिवायचा नाही, धुवायचा बी नाही. बदलायचा."

साडेतीन हजार. संभाजीनगरहून आठ दिवसांनी.
जुना परत कुणाच्या गाडीत बसू नये
म्हणून कापून टाका म्हणाला,
कात्री तुमचीच आणा.
सुटिंगच्या सहा घड्या एका दमात घेणारी माझी कात्री
अर्ध्यावर अडली.
दोन्ही हात लावले तेव्हा तुटला.

घरी द्वारकेला तो विस्कटलेला तुकडा दाखवला.
बराच वेळ अंगठा फिरवत बसली त्यावरून.
"बाई असेल का हो?"
मला काय माहीत.
"वाचली असेल ना?"
म्हटलं, पट्टा तर वाचलाच नाही,
म्हणजे ती वाचली असेल.

नवा बसवला त्या दिवशी बोरीला निघालो.
तिनं स्वतःच ओढला,
पदर आधी नीट केला, मग खटका.
मी काही बोललो नाही.
बोरी आली, चुलत्याचं अंगण आलं,
पोरं गाडीभोवती जमली,
तरी ही तशीच बसलेली, बांधलेली.
उतर की, म्हटलं.
"थांबा," म्हणाली, "हा निघतो कसा ते दाखवा."