सोळा मोकळ्या मात्रा

दिव्याखाली अंधार म्हणतात,
चार वर्षं तो माझा पत्ता होता.
चव्वेचाळिसावा रस्ता, मंचाच्या पुढचा खड्डा,
भिंतीकडून पहिलं स्टूल.
पाठ नाटकाला, तोंड मिस्टर हॅलोरनच्या छडीकडे.
मिठीत डबल बास. माझ्याहून जाड,
असं फिलोमेना स्वतःच म्हणायची.

आठवड्याला आठ प्रयोग.
वर नेब्रास्कातलं एक गाव होतं म्हणे.
मला त्या गावाची फक्त जमीन ठाऊक,
तीही खालून.
सोळा जोड टॅपचे बूट टाळूवर उतरायचे,
फटींतून धूळ गळायची स्वरांच्या कागदावर,
बुधवारी दुपारी जरा जास्तच.
एकदा मणी पडला, निळा.
कुणाच्या गळ्यातला, कुठल्या प्रवेशातला,
विचारायचं राहूनच गेलं.

नायिकेची माझी ओळख होती ती अशी:
श्वास कुठे चोरते,
सर्दी झाली की कुठल्या स्वराला बगल देते,
डावी टाच उजवीपेक्षा जड.
चेहरा पोस्टरवर.

आणि दुसऱ्या अंकात, धुण्याच्या गाण्यानंतर,
माझ्या कागदावर सोळा मात्रा मोकळ्या.
गज खाली.
वर कुणी गात नाही, बोलत नाही.
एक पाऊल.
काहीतरी लाकडी ठेवल्याचा आवाज.
आणि चौदाशे माणसं फुटायची!
हसू बाल्कनीवरून ओघळत खड्ड्यात यायचं
आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो
लग्नघरातल्या आचाऱ्यांसारखे.

काय झालं रे वर?
ओबोवाला खांदे उडवायचा.
तिकीट काढून बघायचं तर
माझ्या सुट्टीच्या रात्री थिएटरलाही सुट्टी.

मग सिनेमा आला. ब्रॉन्क्समध्ये, फोर्डहॅम रोडला.
फिलोमेनाने ठेवणीतली हिरवी टोपी काढली.
पडदा एवढा रुंद, की मक्याला अंतच नाही,
खरं आभाळ, खरा घोडा.
नायिका दुसरीच, गळा तिसरीचा.
व्हायोलिनं शंभर तरी असतील,
बास मिठासारखा,
नसता तरच कळला असता.
टाळ्यांसाठी कुणी थांबत नव्हतं.
हात वर गेला, की गाव बदललेलं.

धुण्याचं गाणं आलं.
मी तिचं मनगट धरलं. आता बघ, म्हटलं,
आता कळेल.
शेवटचा सूर.
रिकामा उजवा हात आपोआप खाली.
एक, दोन,

आणि आगगाडी. धूर. पूल.
माझ्या सोळा मात्रा
कॅलिफोर्नियात कुणीतरी कात्रीने उडवल्या होत्या.

काय बघायचं होतं? फिलोमेनाने विचारलं.
मी मोजत होतो. गाडी पुलावरून जात होती,
अकरा, बारा,
पाऊल, लाकूड,
आणि बरोबर सोळावीला मी हसलो.
मोठ्याने. एकटाच.

पुढच्या रांगेतली बाई मागे वळली,
माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे,
आणि शेवटपर्यंत शोधत राहिली
तिच्याकडून काय सुटलं ते.