उचल

शुक्रवारी बाजारात, सायकलच्या चेनींखाली सापडली.
वीस रुपये. घासाघीस केली नाही.
लेबलवर "मिस", पुढे उंदरानं कुरतडलेली जागा,
आणि "बडोदे".

तीन मिनिटं भीमपलास.
संपता संपता ती घाईनं सांगते, "माझं नाव—"
तिथंच तडा. सुई मागं उडते,
पुन्हा "माझं नाव", पुन्हा तडा.

एवढंच कळलं, तिचा "सा" शीळ घालतो.
खिडकीच्या फटीतून वारा शिरावा
तसा काहीतरी बारीक, सुराच्या बाजूनं.

मुळगुंद म्हणाले, दप्तरात बघा.
चार महिने कलावंत कारखान्याची मोडी:
सारंगीच्या तारा, तबल्याची शाई,
हत्तीखान्याच्या गुळाची एक चुकून आलेली पावती.

आणि एका श्रावणात
"ठकू पेडणेकरीण, गाणारी, दरमहा अठरा.
पुढील दात पडला, सबब नवा बसविणेकामी
उचल रुपये चार मिळावी."

खाली दुसऱ्या शाईत, तिरपं:
"नामंजूर. गाण्यास हरकत दिसत नाही."

या कारकुनाला शिव्या घालू
की त्याच्या पाया पडू?
चार रुपये सुटले असते
तर ठकूबाई, तुम्ही कुणीही असता.

दात काय, कुणाचाही पडतो,
बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली.
खरं आहे.

रात्री पुन्हा लावली.
शीळ आली. मग
"माझं नाव—"
तड्याच्या अलीकडेच, पहिल्यांदा,
मी सुई उचलली.