हेळ

निपाणीच्या थेटरात
पडद्यावरचा इन्स्पेक्टर नखं उपटतो.
घड्याळात चार मिनिटं, बॉम्ब कुठं ते ठाऊक नाही.
मागून शिट्ट्या. पोरं ओरडतात, अजून एक!

शेजारी इरगोंडामामा, रिटायर हवालदार,
शेंगांचा पुडा मांडीवर तसाच.
"आमच्याकडं घड्याळ नव्हतं बाबा.
वखारीतली चोरी, अकराशे रुपये.
साहेब समोर, म्हणून कन्नडात...
हेळ, हेळ.
तो आजऱ्याकडचा हमाल.
तिसऱ्या रात्री साहेब जेवायला गेले,
तेव्हा मराठीत विचारलं.
लगेच नाव सांगितलं त्यानं.
माझंच.
त्या खोलीत तेवढंच ऐकलेलं."

बॉम्ब विझला. टाळ्या.
मामा शेंग उचलतो,
शिवणीवर नख टेकवतो
आणि तसाच बसून राहतो.