टाच बाहेर

तुळजापूर वेशीत इरण्णा कोळशेट्टीच्या दुकानात
मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा तो म्हणाला,
म्याकल मॅडम, घ्यायचं तर घ्या,
नाहीतर चहा तरी घ्या.

काचेवर तीन जोड.
पहिला काळा, हलका, साडेसात हजारांचा.
त्याच्याकडे मी बघितलं
जसं बघतात दुसरीच्या अंगावरच्या पैठणीकडं.
दुसरा एका अंगानं सपाट, एका अंगानं खाचेचा,
रोज चपलेवर जाणाऱ्याला बरा,
पण चढावर नेमकी उलटी बाजू पायाखाली येते म्हणे.
तिसरा जुना. हुबळीच्या कुणा पोरानं विकलेला,
दोन्ही अंगांनी पकडणारा,
कडेला दगडांचे ओरखडे,
चौदाशे.

याला क्लिपलेस का म्हणतात, पाय तर अडकतोच की?
पूर्वी बोटांवर पट्टे असायचे, तो म्हणाला,
पट्टे गेले, नाव राहिलं.
आमच्या साखर पेठेत तरी
साखर कुठंय आता, मी म्हटलं.

मी टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते.
चौदाशे, अधिक तळाला लावायच्या पट्ट्या साडेचारशे,
अधिक बूट.
पेडल स्वस्त असतं, बूट मारतो,
हे कुणी आधी सांगत नाही.
बूट मी दिवाळीच्या बोनसवर ढकलले
आणि पेडल पिशवीत टाकून घरी आणलं.

नायनांनी एकतीस वर्षं
खड्ड्याच्या मागावर पावड्या दाबल्या, अनवाणी.
डावी, उजवी, डावी.
पाय कशाला बांधलेला नव्हता
तरी दिवे लागेपर्यंत तिथून हलायचा नाही.
त्यांनी पेडल मांडीवर घेतलं,
अंगठ्यानं स्प्रिंग दाबली, सोडली,
कान जवळ नेला.
ताण जास्ती आहे, म्हणाले. ताणा तुटंल.

इरण्णानं चावी उलटी फिरवली.
मी मोजत होते: सात टकटकी, मग आणखी दोन.
लक्षात ठेवा, टाच बाहेर, तो म्हणाला.
थांबायच्या आधी. थांबल्यावर नाही.

थांबल्यावर आठवलं.
सात रस्त्याला, सिग्नलला, संध्याकाळी सहा वाजता,
जागच्या जागी, सावकाश,
सायकलीसकट मी डावीकडं कलंडले
भेळेच्या गाडीपाशी.
लागलं का ओ ताई, रिक्षातली बाई म्हणाली,
आणि तिच्या मांडीवरचं पोरगं हसलं
इतकं मनापासून, की मलाही हसू आलं.
एक पाय अजून अडकलेलाच होता.

मग नान्नजच्या पुढचा माळ.
मुरूम, बोरीचे काटे, शेळ्यांच्या वाटा,
वारा समोरून.
आधी खडीवर पाय उडायचे, नडगी सोलायची,
आता वर ओढतानाही चाकाला जोर लागतो,
पोटरीच्या आत कुठंतरी
एक नवीन माणूस कामाला लागलेला.
काळ्या रानात मात्र जायचं नाही.
पाऊस पडून गेलेला असला तर मुळीच नाही.
खाचेत ती माती बसली
की ना अडकतं, ना सुटतं,
काडीनं उकरत बसा बांधावर.

एका ओढ्याच्या चढावर मागचं चाक सुटलं.
मी काही म्हटलं नाही मनात.
पाय जमिनीवर होता.
कधी वळला, मला माहीत नाही.

परवा शुक्रवारी कारखान्यात
मालक समोर बसून सांगत होते,
ह्या महिन्यात रविवारीही यावं लागेल,
हिशेब तुंबलेत, घरचंच समजा.
मी मान डोलवत होते.
टेबलाखाली
माझी डावी टाच
हळूच बाहेर वळली.