पृथ्वी उचलणारा

सव्वीस वर्षं पृथ्वी मीच उचलली,
मी सुपडू सपकाळे, शिपाई,
स्टाफरूमपासून आठवी ब पर्यंत.
एका हातात गोल, काखेत हजेरीपट.
पॅसिफिकला पोचा आहे तो माझ्याच हातचा.
कुणी विचारलं नाही. तिथं पाणीच आहे.

एप्रिलात शाळा सकाळची.
साडेदहालाच पत्रे तडतडायला लागतात,
सातपुडा धुरासारखा दिसतो,
नाही तर दिसतच नाही.
दाराबाहेरच्या स्टुलावर बसून
अत्तरदे बाईंचा तो धडा मी दरवर्षी ऐकला,
त्याच जागी बाईंचा खोकलासुद्धा.

"टोर्नेडो. अमेरिकेच्या मधल्या सपाटीवर, एप्रिल ते जून.
खालून समुद्राची ओल येते, वरून कोरडी गार हवा,
दुपार कलली की दोघींची गाठ पडते."
बाई गोल फिरवायच्या. आस कुरकुरायचा,
मी त्याला शिवणमशीनचं तेल घालायचो.
"बांगलादेशात चैत्र-वैशाखाला, पावसाच्या आधी.
संख्येनं थोडे,
पण घरं पत्र्याची आणि माणसं दाटीची.
अर्जेंटिनात आपली दिवाळी उरकल्यावर, तेव्हा तिथं वसंत.
इंग्लंडातसुद्धा होतात. लहान. दोन कौलं नेणारे.
विषुववृत्ताखाली बहुतेक उलटे फिरतात,
घड्याळासारखे."
मी मनगटावरचं घड्याळ बघायचो.
ते दहा मिनिटं मागं असायचं.

एकदा शेवटच्या बाकावरून जुलेखा तडवी:
"बाई, आपल्याकडं?"
"आपल्याकडं वावटळ.
ती उन्हानं जमिनीतून उठते, तिला ढग लागत नाही.
टोर्नेडो ढगातून उतरतो."
तेवढ्यात मैदानात एक उठलीच.
केळीची वाळकी पानं, पुड्या, कुणाची तरी उत्तरपत्रिका
घेऊन पोषण आहाराच्या खोलीवरून गेली.
माझी माय म्हणायची, भूत चाललं, थुंक.
मी थुंकलो.
बाईंना दिसलं.

मग बाई निवृत्त होऊन जळगावला गेल्या.
भिंतीवर मोठा टीव्ही आला,
पृथ्वी कपाटावर चढली, फडकं पांघरून.

जुलेखा बारावीला होती त्या मे महिन्यात
संध्याकाळी सुकीकाठावर वारं सुटलं.
दहा मिनिटंही नाही.
दुसऱ्या दिवशी ती सायकल घेऊन दारात:
"सुपडूभाऊ, बागा बघायला चला."
बांधावर गर्दी. विम्यासाठी फोटो चालले होते,
खोडं मोजणं चाललं होतं.
आम्ही दोघं दिशा मोजत होतो.
केळी पडलेली, घड मातीत,
चीक ओघळून माझ्या सदऱ्यावर काळा झाला तो आजही आहे.
सगळ्यांची डोकी पूर्वेला.
"म्हणजे सरळ वारं," ती म्हणाली. तोंड पडलं तिचं.

विहिरीपाशी मात्र वेगळंच.
दक्षिणेच्या अंगाची खोडं पूर्वेकडं,
पूर्वेची उत्तरेकडं,
उत्तरेची पश्चिमेकडं,
आणि एक उभंच राहिलेलं,
पिळलेलं, ओलं धोतर पिळावं तसं.
ठिबकच्या नळ्या निंबाला गुंडाळलेल्या.
पश्चिमेची बाजू सांगून गेली असती सगळं,
पण तिथली केळी आठ दिवसांपूर्वीच कापून
गाडीत भरून गेलेली. मोकळं रान.

आम्ही दोघांनी हवेत बोटं फिरवून पाहिली.
घड्याळाच्या उलटी.
बांधावरचा एक जण हसला:
"काय भो, भूत पकडून राह्यले का?"

ती पॅडवर बाण काढत होती.
"ढग पाहिला होता कुणी? खाली आलेला?"
मी पाहिला नव्हता. मी दार धरून उभा होतो,
डोळे मातीनं भरलेले.
तिनं लिहिलं: ठिकाण, सुकीकाठ, विहिरीजवळ.
पुढं प्रश्नचिन्ह.
"वेळ?"
"पावणेपाच," मी म्हणालो. दार लोटताना बघितलं होतं.
तिनं लिहिलं, माझ्या मनगटाकडं पाहिलं,
खोडलं,
आणि लिहिलं,
पाचाला पाच कमी.