चिनावल फीडर, रात्री सव्वादोन

सबस्टेशनमधून फोन : फीडर गेला.
एकदा घेऊन पाहिला, टिकत नाही.
म्हणजे उठणं आलं.
अर्थिंग रॉड, बॅटरी, हातमोजे,
आणि मागच्या सीटवर सुपडूनाना तायडे,
ज्यांच्या निवृत्तीला उरलेत एकोणीस दिवस
आणि ज्यांचा काडीचा विश्वास नाही
दिवाळीआधी मी तारांवर अडकवलेल्या
त्या मोसंबीएवढ्या डब्यांवर.

अडकवताना ते खालून ओरडले होते,
"लायनीले तीट लावून राह्यली का वं, बाई?"

तीस वर्षं त्यांनी दोष पायांनी शोधला.
स्विच खोल, ट्राय घे.
टिकला तर पुढे चाल, नाही टिकला तर मागे.
खांबाखांबाला मान वर, बॅटरीचा झोत पिनवर,
पाय ठिबकच्या नळ्यांत,
आणि केळीच्या बागेत सळसळलं
तर ते पान आहे असं समजायचं.

पहिले तीन डबे गावाबाहेर, डीपीच्या अलीकडे.
दोन लाल. मिटतात, उघडतात.
"म्हंजे अठी हाये?"
इथून गेला, नाना. इथे थांबला नाही.

तिठ्यावर कुंभारखेड्याकडची लाइन गप्प.
सुकी नदीकडची लाल.
मी हँडल वळवलं.
मागे कुणीतरी घसा खाकरलं, बोललं नाही.

पुढचे : लाल.
त्याच्या पुढचे : लाल,
पुन्हा त्याच दोन तारा, टोकावरची तिसरी निवांत.
त्याच्या पुढचे : काही नाही.
आभाळ, आणि लांब सातपुड्याची काळी कड.

डब्याला अक्कल फार नाही.
अंगावरून गेलं तर तो डोळे मिचकावत बसतो,
त्याच्यापर्यंत आलंच नाही तर त्याला माहीतच नाही.
झालं ते असतं
शेवटच्या लालच्या पुढे,
पहिल्या अंधाराच्या अलीकडे.
इथे, मधे सात खांब.

पाचव्यावर सापडलं.
केळफुलातल्या मधाला आलेलं भलंमोठं वटवाघूळ,
एक पंख एका तारेला, दुसरा दुसरीला,
बाजूला सुटून लोंबणारा झंपर
आणि जळक्या केसांचा वास.

नाना बांधावर बसले.
"सात," म्हणाले. "सातच?"
मला वाटलं चिडले.
"सत्त्याण्णव साली, एप्रिलात, ह्याच लायनीवर
एकशेबारा खांब चाललो मी. उलट्या अंगानं.
पोरगी झाली त्या राती.
मले सकाई कळलं."
तंबाखूची पुडी काढली, मळली नाही.
"त्या चालेल राती आता कुठी ठेवू, सांग."

मला सांगता आलं नाही.
मी परमिट घेतलं, दोन्हीकडे अर्थिंग टाकलं, चढले.
वटवाघूळ खाली सोडलं तर
नानांनी ते वाळक्या पानात झेललं,
केळीच्या बुडाशी नेऊन ठेवलं,
वर दोन ओंजळी माती.
झंपर बांधून उतरले, रॉड काढले,
ऑपरेटरला फोन लावायला घेतला तर म्हणाले,
"थांब. घाई नको करू."
चालत मागे गेले, शेवटच्या लालपर्यंत,
आणि खाली उभे राहिले, मान वर,
जत्रेत पाळण्याकडे पाहतात तसे.
मी फोन हातात धरून ठेवला.
चार-पाच मिनिटं. जास्तच असतील.

मग हात हलवला.

लांब कुठेतरी मोटार घरघरली,
मग दुसरी, मग सगळं शिवार.
डब्यातला लाल विझला,
काही पाहिलंच नव्हतं अशासारखा.
"इसरला पाय," नाना म्हणाले.
वीज आली की विसरतो, मी म्हटलं, तसाच बनवलाय.
"बरंय त्याचं."

परतताना मागच्या सीटवरून
खांब मोजल्याचा आवाज येत होता.
तिठ्यापर्यंत मी गाडी हळू घेतली.