पंधरा किलो

लॉजची इको मी चालवतो. मिरज स्टेशनसमोरून
उजळाईवाडीचा विमानतळ, अंकलीच्या पुलावर
उसाचे ट्रॅक्टर आडवे नसले तर सव्वा तास.
भाड्यात सामान चढवणं-उतरवणं धरलेलं असतं.
चहा धरलेला नसतो, तो मी आपला पाजतो.

येणारं सामान हलकं.
दवाखान्यासाठी आलेली माणसं फायली मांडीवर धरतात,
एक्स-रेची पिशवी डिकीत ठेवू देत नाहीत.
जाणारं सामान फुगतं.
बेदाणा, शेंगदाण्याची चटणी, शाळूचं पीठ,
आणि काट्यावरची पोरगी गोड बोलते,
‘तीन किलो जास्त होतंय, सर.’

मी पार्किंगात वीस मिनिटं थांबतोच.
फोन येतो.
दारात, ट्रॉल्यांच्या वाटेत, बॅग उघडी टाकून
नवरा-बायको हळू आवाजात भांडत असतात
आणि मी दिसलो की गप्प होतात.
‘घरी न्या हो तुम्हीच.’

असं आमच्याकडे बरंच आलंय.
तुपाचा डबा. दोन नव्या चादरी.
एका साहेबाचे बूट, मला मोठे होतात, मी घालतो.
शमशाद म्हणते, विमानानं आपला संसार केला.

पुष्पलता हसबे दोन रात्री राहिल्या, खोली नंबर सात.
मूळच्या विट्याच्या. गलाईवाले. पस्तीस वर्षं त्रिशूरला;
पोरं मल्याळीत भांडतात, म्हणाल्या,
मला शिवी कळते, कारण कळत नाही.
आईच्या घराच्या विक्रीवर सही करायला आल्या होत्या,
आणि सही केल्यावर उतरायला घर नव्हतं.

निघताना एक कापडी पिशवी मांडीवर. जड.
‘डिकीत ठेवतो की.’
‘नको.’
हातकणंगल्याच्या पुढं आपणहून बोलल्या.
वरवंटा होता. पाटा उचलेना,
तो घर घेणाऱ्याला राहू दिला.
‘बारशाला आमच्यात ह्याला कुंची घालून
पाळण्यात घालतात, बाळाच्या आधी.
आम्ही पाच भावंडं. पाचांच्या आधी हाच.’
मी म्हटलं, माहीत आहे, शेजारी बघितलंय.
बघितलं नव्हतं.

बॅग आधीच चौदा किलो आठशे.
हातातून नेऊ म्हटलं तर आतल्या शिपायानं
पिशवीत डोकावून मान हलवली.
दगड आहे, बाई. कुणाच्या डोक्यात घातला तर?
बाहेर आल्या. रडल्या वगैरे नाहीत.
पदराच्या टोकानं त्याच्यावरची पिठाची धूळ पुसली
आणि माझ्या हातात दिला.
‘दस्तगीर, पुढच्या वर्षी येते. तोवर असू दे.’
येण्यासारखं इथं आता काय आहे,
हे मी विचारलं नाही.

परतताना पुढच्या सीटवर ठेवला.
पुलाच्या अलीकडे ब्रेक लागला आणि तो
गडगडत खाली गेला, केवढा आवाज.
गाडी कडेला घेतली. उचलला.
मधे बारीक झालाय, दोन्ही टोकांना
तळव्यांच्या जागा पडल्यात,
आणि नाकाशी धरला तर लसूण. अजून.
परत सीटवर ठेवून पट्टा लावून बघितला.
बसेना, फार लहान. मग टॉवेलात गुंडाळून
पट्टा दोनदा फिरवला.
मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, वाजवू दे म्हटलं.

शमशादनं त्याच्यावर अजून काही वाटलेलं नाही.
मिठाच्या बरणीशेजारी उभा असतो,
पाहुणे विचारतात, ती सांगते, सामान आहे एकीचं.
बाईंचा नंबर मी ‘हसबे वरवंटा’ म्हणून ठेवलाय.
दोनदा लावला. एकदा मल्याळी बाई बोलली,
टेप होती बहुतेक.

एका सकाळी उगाच
बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकला.
चार किलो सहाशे.
आता कुणाचीही बॅग उचलली
की हाताला आधी तेवढं कळतं,
मग उरलेलं.
परवाचं भाडं पहाटे साडेचारचं आहे, तिघं जण,
आणि वर सामान किती ते सांगत नाहीत.